दुपारच्या बॅचमधले स्टेनोसाहेब

माझ्याकडे माणसं टायपिंग शिकायला यायची असा लोकांचा समज आहे. पहिल्या दिवशी शिकायला असं कोणी यायचंच नाही, यायचं ते विचारायला. बाकावर टेकायचं, टोपी नाहीतर पदर सारखा करायचा, ओळीनं मांडलेल्या मशीनींकडे जरा भीतभीत बघायचं आणि म्हणायचं, "बाई, आमच्या पोट्ट्यानं काय शिकावं, तुमीच सांगा." आता मी काय ब्रह्मदेव? पण सांगत होते खरी. आयुष्यभर सांगितलं.

अकोल्याला आमची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. ह्यांनी काढलेली आणि मी चालवलेली. असं मी म्हटलं की घरात अजून वाद होतो, पण लेख मी लिहिते आहे, तेव्हा माझंच खरं. माझं माहेर अमरावतीचं, वडील भिक्षुकी करायचे. मॅट्रिक झाल्यावर मला नर्सिंगला जायचं होतं, पण 'रात्रपाळी' हा शब्द ऐकूनच वडिलांना घाम फुटला. मग मास्तरीण व्हायचं म्हटलं, तेवढ्यात लग्न ठरलं. टायपिंग मी सासरी शिकले, मशीनी पुसता पुसता. म्हणजे काय शिकायचं हे स्वतःचं स्वतः ठरवायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. तरी सतरा घरच्या लेकरांचं मी ठरवत बसले.

आज पोरं एक सोडून दुसरं शिकतात, दुसरं सोडून तिसरं. पन्नास-साठच्या काळात आमच्या वऱ्हाडात तसं नव्हतं. घरातून एकदाच काय ते शिकायला मिळायचं. बी.ए.ला पैसा नाही, घरी बसून चालत नाही, मग एक काहीतरी धरायचं. टायपिंग, शॉर्टहँड, मास्तरकीचं ट्रेनिंग, कंपाउंडरी, नाहीतर मोटारीचं काम. ते चुकलं की चुकलंच. म्हणून मी आल्यागेल्याला एकच प्रश्न विचारायची, "याचा उपयोग काय करशील?" उत्तर पटलं तर नाव घालायची, नाहीतर दारातूनच परत. ह्यांचा जीव तळमळायचा, "अहो, फी परत चालली!"

वरूडकडचे एक संत्र्यांचे बागाईतदार मुलाला घेऊन आले होते. मुलाला मशीनपुढे बसवलं आणि मी बापाशी बोलायला वळले. परत बघते तर त्यानं मशीनची ओळ संपल्यावर वाजणारी घंटी खोलून हातात घेतलेली. मी ओरडले, "काय रे हे?" तो अगदी शांतपणे म्हणाला, "वाजते कशी ते पाहून राहिलो, बाई." आणि पुन्हा जोडली की त्यानं, आधीपेक्षा खणखणीत वाजायला लागली! मी बापाला सांगितलं, ह्याला इथं कोंडू नका, मोटारीचं काम शिकू द्या. बाप भडकला. "माया पोट्टा काय हात काळे करन? त्याले साहेब करायले आणलं मी!" बरीच वर्षं तो माझ्यावर रुसून होता. पोरानं पुढे ट्रक दुरुस्तीचं गॅरेज टाकलं, आणि दर बहाराला आमच्याकडे संत्र्यांची पेटी यायला लागली. पेटी पाठवायचा तो बापच.

दुसरा एक मनोहर. त्याला परीक्षांचं वेडच होतं. इंग्रजी टायपिंग, हिंदी टायपिंग, जमाखर्च, चित्रकला, प्रथमोपचार, सगळं पास. नोकरीच्या मुलाखतीला मात्र पाय उचलायचा नाही. "अजून एक होऊ द्या बाई, मंग जातो." शेवटी मी त्याला उंबऱ्यातच अडवलं. म्हटलं, तुला आता मी शिवणकामसुद्धा शिकवणार नाही, नोकरीला चालता हो! गेला बिचारा, आणि चांगला रमला. एवढं सगळं शिकून तो नुसता घाबरलेला होता, दुसरं काही नाही.

पण मला सांगायचं आहे ते वामनरावांचं.

वामनराव कलेक्टर कचेरीत इंग्रजी स्टेनो होते. साहेबानं तोंडातून शब्द काढायचा, ह्यांनी तो रेघोट्यांत पकडायचा आणि मशीनवर सुंदर उतरवून द्यायचा. साहेब बदलून जायचे, वामनराव तिथेच. नवा साहेब आला की पहिल्या पत्रानंतर म्हणायचा, असा स्टेनो नागपुरातही मिळाला नाही. हे आम्हाला खुद्द वामनरावच सांगायचे, पण खोटं नव्हतं ते. गावात त्यांना स्टेनोसाहेब म्हणत. घरची भिक्षुकी सोडून ते इंग्रजी शिकले तेव्हा घरात रडारड झाली होती, वडिलांनी तोंड बघणार नाही म्हटलं होतं. त्या इंग्रजीवर त्यांनी घर उभं केलं, भाऊ शिकवले.

महाराष्ट्र झाला त्या सुमारास आमच्याकडे पहिली मराठी मशीन आली. कोणी तिच्याकडे फिरकेना. धूळ बसू नये म्हणून मीच तिच्यावर बायकांच्या हळदीकुंकवाची आमंत्रणं टाइप करायची. अशात एका सकाळी वामनराव आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी नलू, मॅट्रिक झालेली, सावळी, बारीक चणीची.

"हिला इंग्रजी शॉर्टहँडला घाला," वामनराव म्हणाले.

नलू माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, मले मराठी मशीन शिकायची आहे."

"मराठीत टाइप करून करणार काय तू? सत्यनारायणाची बोलावणी?" वामनराव तिच्यावर उखडले.

मी जीभ चावली. आमंत्रणाचा कागद अजून त्या मशीनमध्येच होता.

नलू काही डगमगली नाही. "बाबा, खेड्यातल्या माणसाले नोटीस इंग्रजीत येते. तो ते वाचून घ्यायले वकिलाकडे जाते. मराठीत आली तर त्याले घरीच समजन."

"समजेल म्हण!" वामनराव कडाडले. मग माझ्याकडे वळले. "तुम्हीच सांगा हिला, बाई. मराठीचं सर्टिफिकेट घेऊन उभ्या महाराष्ट्रात हिला कोण विचारणार आहे?"

मी माझा नेहमीचा प्रश्न नलूला विचारला. उपयोग काय करशील? ती म्हणाली, "आज नाही विचारणार कोणी. पण सरकार मराठीत आलं की कोणीतरी लागनच नं." उत्तर मला पटलं. मी तिचं नाव मराठीत घातलं. वामनराव छत्री उचलून निघून गेले आणि त्या दिवसापासून त्यांनी मुलीशी अबोला धरला. जेवताना भात वाढून घ्यायचा तरी बायकोला मध्ये घालायचे. "तिला म्हणावं, वाढ." आणि नलू हात लांब करून दुरूनच वाढायची.

दोन-चार वर्षांत सरकारी कारभार मराठीत करायचं ठरलंच. कचेरीत हुकूम आला की स्टेनोंनी ठरावीक मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा द्यावी, नाहीतर त्यांना दुसरं काम दिलं जाईल. दुसरं काम म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं. जावक शाखेत बसून पाकिटं चिकटवायची.

उन्हाळ्याचे दिवस होते. कचेऱ्या सकाळच्या. दुपारी आमच्याकडे बायकांची बॅच असे, घरची धुणीभांडी आटपून आलेल्या पोरीबाळी. अकोल्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको, कुत्रंसुद्धा मोरीत जाऊन झोपतं. अशा उन्हात दारात छत्री मिटली आणि वामनराव आत आले. पोरींची टकटक एकदम थांबली.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "सकाळी नलू येते. संध्याकाळच्या बॅचला माझ्या हाताखालचे कारकून येतात. मी... दुपारी आलो तर चालेल का?"

मी काय म्हणणार? कपाटाच्या आड एक टेबल होतं, तिथं त्यांना मराठी मशीन लावून दिली. कलेक्टरांच्या उजव्या हाताला बसणारा माणूस माझ्या कपाटाआड पहिला धडा गिरवत बसला. पोरी पदरात तोंड घालून हसल्या. आठवडा गेला नाही तोच त्यांच्या पाठी ताठ झाल्या, कारण कपाटाआडून आवाज यायचा, "कुबड काढू नका. बोटं वाकडी ठेवा, मनगट वर!" फी मी त्यांच्याकडून घ्यायची, आणि शिकवायचे ते.

त्यांचं स्वतःचं मात्र काही जमेना. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायला हवं. टायपिंग डोळ्यांनी शिकत नाहीत, बोटांनी शिकतात. आम्ही कळांवर लाकडी झाकण ठेवायचो, हात आत, डोळे पुस्तकावर. हळूहळू डोक्याला कळेनासं होतं की कुठलं अक्षर कुठं आहे, ते फक्त बोटाला ठाऊक असतं. वामनरावांच्या बोटांना इंग्रजी ठाऊक होतं. इंग्रजी मशीनवर जिथे 'के', तिथे आमच्या मराठी मशीनवर काना, आणि मराठी 'क' पार डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. पुस्तकात 'कलेक्टर कचेरी' दिसलं की त्यांचं बोट आपसूक 'के'वर जाई, आणि झाकण काढून बघावं तो कागदावर कान्यांचं कुंपण! नवशिक्या पोरींचं असं होत नव्हतं, कारण त्यांच्या बोटांत आधीचं काही नव्हतंच. ही चूक करायला आधी चांगला स्टेनो असावं लागतं.

रोज सकाळी कचेरीत इंग्रजी, दुपारी माझ्याकडे मराठी. दुपारी जे बसवायचो ते सकाळी उखडलं जायचं. पावसाळा लागला, कचेऱ्या पुन्हा दिवसभराच्या झाल्या, त्यांचं दुपारचं येणं सुटलं, आणि ते रविवारी तेवढे यायला लागले. तेव्हा मी त्यांना समोर बसवलं.

"वामनराव, स्पष्ट बोलू?"

"तुम्ही अस्पष्ट कधी बोलता?"

"दोन्ही धरून ठेवाल तर दोन्ही जाईल. रजा काढा. परीक्षा होईपर्यंत इंग्रजी मशीनला बोट लावू नका. शॉर्टहँडसुद्धा नको."

"म्हणजे विसरू म्हणता?"

"जेवढं विसराल तेवढं बरं."

त्यांनी दोन्ही हात टेबलावर पसरले. मग म्हणाले, "बाई, माझ्याजवळ तेवढंच आहे हो."

चहा टाकते म्हणून मी आत गेले आणि उगाच भांडी वाजवत बसले. बाहेर आले तर ते उभे होते. म्हणाले, "नोकरी अजून बरीच आहे. पाकिटं चिकटवून नाही काढता येणार. रजा टाकतो. आता तुमच्याकडे मराठी मशीनी वाढल्यात, ती पहिली जुनी घरी न्यायला द्याल?" मी दिली. ह्यांनी कपाळाला हात लावला, पण देऊ दिली.

घरी मजकूर वाचून दाखवायला कोणीतरी लागतं. बायकोचं वाचन अडखळत, धाकटे खेळायला पळत. राहिली कोण, तर नलू. एका सकाळी ती क्लासला आली तीच डोळे पुसत आणि हसत. मी म्हटलं, काय झालं गं? तर म्हणाली, "बाबा आज मायाशी बोलले."

"काय बोलले?"

"म्हणाले, 'माननीय जिल्हाधिकारी यांस, पुढे?'"

इतक्या वर्षांचा अबोला असा सरकारी भाषेत फुटला. मग रोज ती वाचायची आणि ते टाइप करायचे. "बाबा, कलेक्टर आला, थांबा. डाव्या हाताचं मधलं बोट." "हं." "बाबा, परत काना." "कळलं, कळलं!" चिडायचे, पण उठून जायचे नाहीत. ती म्हणाली, "बाई, मले लहानपणी त्याईनं बोट धरून धुळाक्षरं काढायले शिकवलं होतं. आता मी त्याईचं बोट धरून राहिली." मी तिला ओरडले, "चल, बस मशीनवर!"

परीक्षेचं केंद्र त्या खेपेला अमरावतीला होतं. मराठीच्या परीक्षेला आजवर पुरेशी पोरंच जमली नव्हती, त्यामुळे नलूचीही राहिलेली; बापलेक दोघंही एकाच परीक्षेला बसलेले. तेव्हा परीक्षेला आपली मशीन आपण न्यावी लागे. बरंच होतं ते, कारण प्रत्येक मशीनच्या कळांचं वजन वेगळं, परक्या मशीनवर हात बिचकतो. आमची वरात निघाली. गोधडीत बांधलेल्या मशीनी मांडीवर घेऊन पोरं-पोरी थर्ड क्लासच्या डब्यात दाटीवाटीनं बसली. मूर्तिजापूरला टीसी चढला आणि विचारता झाला, "इन गाठोड्यांमें क्या है?" वामनराव ताठ बसून म्हणाले, "सरकारी कारभार." टीसी पुढे गेला.

बडनेऱ्याला गाडी बदलायची. जिना चढून पलीकडे जायचं आणि मशीन म्हणजे काय फूल नव्हे. वामनरावांनी आधी नलूची मशीन उचलली, ती पलीकडे ठेवून आले आणि मग धापा टाकत स्वतःची न्यायला परत आले. नलू "बाबा, मी नेते नं" म्हणत मागे मागे धावत होती, ते ऐकायलाच तयार नव्हते. मी जिन्याखाली उभी राहून बघत होते. वाटलं, परीक्षा गेली खड्ड्यात, इथं यायचं सार्थक झालं.

परीक्षेच्या खोलीत आम्हाला मज्जाव. व्हरांड्यात उभी राहून मी टकटक ऐकत होते. इतक्या मशीनींच्या गलक्यात वामनरावांचा हात मला ओळखू येत होता, एकसारखा, सावकाश, मध्येच थांबणारा. तो थांबला की माझंच डावं मधलं बोट हलायचं. घंटा झाली. ते बाहेर आले, रुमालानं मानेचा घाम पुसला आणि एवढंच म्हणाले, "उताऱ्यात कलेक्टर आला होता, बाई. सोडला नाही त्याला."

दोघंही पास झाले. वामनरावांची खुर्ची राहिली, पुढे त्यांनी मराठी शॉर्टहँडही काढलं. नलूला जिल्हा परिषदेत टायपिस्टची नोकरी लागली. त्यांच्या घरून माझ्याकडे ताटभर चिरोटे आले. मला वाटलं, संपलं. गोड झालं.

संपलं नव्हतं. पुढल्या वर्षी एका दुपारी वामनराव आले, तेही कामाच्या वारी. चेहरा उतरलेला. साहेबांना त्या दिवशी दिल्लीला एक इंग्रजी पत्र घालायचं होतं. सवयीनं त्यांनी वामनरावांना बोलावलं. वामनराव वही घेऊन बसले, आणि हाताला रेघोट्या सुचेनात. कसंबसं उतरवलं, मशीनवर बसले, तर 'के' म्हटलं की डाव्या हाताचं मधलं बोट उठे. शेवटी ते पत्र नव्यानं लागलेल्या एका पोरानं टाइप केलं.

"साहेब रागावले?" मी विचारलं.

"नाही ना. रागावले असते तर बरं झालं असतं. 'असू द्या वामनराव,' म्हणाले."

मग त्यांनी माझ्या इंग्रजी मशीनकडे बोट केलं. बसू का? मी मान हलवली. कागद चढवला, थोडं टाइप केलं, वाचलं. कागद काढून घडी केली आणि खिशात ठेवला. "गेलं हो, बाई."

माझ्या डोळ्यांना धार लागली. औषध मीच सांगितलं होतं ना! म्हटलं, "वामनराव, सराव करा, परत येईल."

"मग मराठी जाईल. अजून नोकरी आहे." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही कशाला रडता? नलू माझ्याशी बोलते आता." उठले, छत्री घेतली आणि गेले. त्या दिवशी मी कोणालाच शिकवलं नाही. पोरींना म्हटलं, घरी जा.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नलू आली, कचेरी सुटल्यावर, सरळ आत. म्हणाली, "बाई, मायं नाव इंग्रजी शॉर्टहँडमध्ये घाला."

मी तडकलेच. "वेडी का खुळी गं तू? बाप सांगून सांगून थकला तेव्हा नाही शिकलीस. आता सगळी कचेरी मराठीत होऊन राहिली, आणि तुला इंग्रजी सुचलं? जिल्हा परिषदेत कोण तुला इंग्रजी सांगणार आहे? बढती मिळणार आहे का त्यानं?"

"नाही मिळणार."

"मग उपयोग काय करशील?"

ती पदराशी चाळा करत म्हणाली, "बाबा संध्याकाळी ओसरीत बसून इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचतात. थांबून थांबून, डिक्टेशन दिल्यासारखे. समोर कोणीच नसते, बाई. मी म्हटलं, आपण बसावं."

इतकी वर्षं मी लोकांना तो प्रश्न विचारला होता. आलेल्या उत्तरांवरून किती जणांना परत पाठवलं होतं. हिचं उत्तर ऐकलं आणि मी मुकाट्यानं नाव घातलं. फी घेतली नाही, आणि ह्यांनी ती मागितली नाही.

रेघा वळवायला मी शिकवायची, पण खरा वर्ग भरायचा तो त्यांच्या ओसरीत. संध्याकाळी त्या गल्लीतून गेलं की वामनरावांचा आवाज यायचा, तोच जुना, कडक, साहेबासारखा. "पुन्हा घे! कुठं लक्ष आहे तुझं? ही रेघ जाड, ती बारीक, किती वेळा सांगू?" आणि नलूचं "हो बाबा, हो बाबा" चाललेलं. मी मुद्दाम वाट वाकडी करून तिथून जायची.

मुलगी मूळची हुशार, बघता बघता तयार झाली. परीक्षा जवळ आली तसा मी फॉर्म आणून तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, सही कर, पहिल्या नंबरानं पास होशील. नलू हसली आणि फॉर्म माझ्याकडे परत सरकवला.

"परीक्षा नको, बाई. मी पास झाली तर त्याईचं शिकवणं थांबन नं."